नसलेली वाघीण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या वेळी राज्य कोण करत होतं तेही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी लहानांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

एका डोंगराच्या पायथ्याशी दाट रान होतं. रानाच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. दोन्ही गावांना जोडणारी वाट एकच, आणि ती रानाच्या मधून जायची. येशूच्या लोकांचं प्रार्थनामंदिर पलीकडच्या गावात होतं. तिथे ख्रिस्ती घरं पुष्कळ होती. अलीकडच्या गावात मात्र दोघीच, तबीथा आणि सलोमी.

तबीथा विधवा होती. अंबाडीचे दोर वळून पोट भरायची. बोलणं कमी, पण वळलेला दोर असा की बैल दमेल, दोर तुटायचा नाही, असं लोक म्हणायचे. सलोमी तिच्याहून बरीच लहान. आईबाप लवकर गेले आणि ती मामाकडे वाढली. मामाच्या घरचे देव वेगळे होते, तरी आईने शिकवलेली प्रार्थना पोरीने सोडली नव्हती. ती तबीथाला ताई म्हणायची.

एका वर्षी रानात वाघीण आली. आधी तिने एका लाकूडतोड्याला नेलं. मग मोहाची फुलं वेचायला गेलेली बाई परत आली नाही. तिची टोपली तेवढी सापडली. लोकांनी रानात जाणं सोडलं. सूर्य कलला की दारं लागू लागली.

पण रविवार उजाडला की तबीथा आणि सलोमी निघायच्या. एकीने पुढे बघायचं, दुसरीने मागे. दोघी मोठ्याने स्तोत्र म्हणत चालायच्या. आवाज कापायचा, सूर चुकायचा, तरी म्हणत राहायच्या. ओढ्यापाशी बांबूची बेटं वाटेवर वाकलेली होती. तिथे सलोमी ताईचा हात इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची.

"ताई, आपण मेलो तर गं?"

"मेलो तर दोघी बरोबरच जाऊ. तिथे वाट विचारायला तरी सोबत होईल."

आणि त्या भीतीतही दोघींना हसू यायचं.

मंदिराच्या पायरीवर पाय टेकला की दोघी एकमेकींना मिठी मारायच्या. अशा वाटेवर माणूस काही लपवत नाही. तबीथाने नवऱ्याच्या मरणाविषयी कुणाला सांगितलं नव्हतं, ते सलोमीला सांगितलं. सलोमीला मामीचे टोमणे कसे टोचतात, ते ताईला ठाऊक झालं. "आपण प्रभूच्या नावाने बहिणी," असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदी खरं होतं.

मग एक दिवस राजाचे शिकारी आले आणि त्यांनी वाघीण मारली. काठीला टांगून तिला गावातून मिरवलं. सगळं गाव नाचलं. तबीथाही खूश झाली. त्या वाघिणीबरोबर आणखी काय संपलं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही.

दोघींचं भांडण झालं नाही. कुणी कुणाला वाईट बोललं नाही. एका रविवारी सलोमी म्हणाली, "ताई, आज गाण्याची तालीम आहे, मी लवकर पुढे जाते." वाट आता सुरक्षित होती, जायला हरकत नव्हती. मग तालमीतल्या पोरींशी तिची गट्टी जमली. मग पलीकडच्या गावातल्या एलीशा नावाच्या शेतकऱ्याशी तिचं लग्न ठरलं. लग्नात तबीथानेच तिची वेणी घातली.

लग्नानंतर काही दिवस सलोमी रविवारी रानाच्या पलीकडच्या तोंडाशी ताईची वाट पाहत उभी असायची. पुढे ती मंदिराच्या दारात भेटू लागली. पुढे उपासना संपल्यावर. आणि शेवटी एवढंच उरलं: "सलाम ताई, बरी आहेस ना?" तबीथाने उत्तराला तोंड उघडेपर्यंत कुणीतरी हाक मारायचं आणि सलोमी वळायची. तिच्या डोळ्यांत माया तशीच होती. तेच तबीथाला जास्त लागायचं.

दोर वळता वळता तबीथाच्या छातीत धस्स व्हायला लागलं. उद्या ही सलाम करायचीही विसरली तर? मी अंथरुणाला खिळले, तर या गावात माझ्यासाठी प्रार्थना कोण करील? आणि ज्या प्रभूच्या नावाने आपण बहिणी झालो, त्याच्या नावाची गाठही अशी सुटत असेल, तर मग घट्ट असं जगात काय आहे?

ती एकटीच रानातून जायची आणि यायची. वाघीण नव्हती, तरी वाट पहिल्यापेक्षा लांब आणि काळी वाटायची. पान पडलं तरी ती दचकायची.

मंदिराचे पाळक शांतवन म्हातारे होते. तिचा चेहरा पाहून त्यांनी एकदा विचारलं, "बाई, काय झालंय?" तिने सांगितलं.

"हे सलोमीला बोललीस का?"

"नाही."

"का बरं?"

"तिला वेळ नाही म्हणाली तर? आत्ता निदान मला ठाऊक नाही. मग ठाऊक होईल."

"तरी विचार," पाळक म्हणाले. "न विचारलेल्या प्रश्नाची भीती रोज वाढते."

तबीथाने मान हलवली. पण विचारायचं धाडस तिला झालं नाही.

पुढच्या रविवारी सलोमी नेहमीसारखी "सलाम ताई" म्हणाली आणि वळू लागली. तिला दिवस गेले होते, चेहऱ्यावर तेज आलं होतं, तिच्याभोवती बायका जमल्या होत्या. ती आता जाणार, हे दिसताच तबीथाच्या तोंडून शब्द निघून गेले. तिने ते ठरवले नव्हते.

"सलोमी, ओढ्यापाशी ठसे दिसले गं. मोठे. तसलेच."

सलोमी थबकली. तिचा रंग उडाला. तिने चटकन ताईचा हात धरला, पूर्वी धरायची तसा. "ताई, खरं? आणि तू एकटी आलीस? काही झालं असतं म्हणजे?"

त्या हाताची ऊब तबीथाच्या खांद्यापर्यंत चढली. आत्ताच सांगावं, खोटं बोलले म्हणून, असं तिच्या मनात आलं. तिने ओठ उघडलेही. पण हात सुटेल या भीतीने तिने ते पुन्हा मिटले.

त्या दिवशी सलोमी आणि एलीशा रान संपेपर्यंत तिच्याबरोबर आले. सलोमीने वाटेत स्तोत्र धरलं. तबीथा त्यात मिसळली, पण सलोमीकडे न बघता.

खोटं एकदा घराबाहेर पडलं, की ते परत यायला आपल्याला विचारत नाही. दोन्ही गावांत बातमी पसरली. लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी ठेवून दिल्या. पाटलाचा पुतण्या म्हणाला, त्याने स्वतः डरकाळी ऐकली. एका म्हातारीच्या सुनेने झाडीत पेटलेले डोळे पाहिले. पाटलाचं वासरू चरायला गेलं ते आलं नाही, आणि मग शंकाच उरली नाही. अलीकडच्या गावापाशी, रानाच्या तोंडाशी मचाण बांधलं. तरणे गडी भाले घेऊन पाळीपाळीने बसू लागले. आया पोरांना अंगणातही सोडेनात.

तबीथा दाराला आतून कडी लावून बसायची. लोक बोलत ते तिच्या कानावर यायचं. वाघीण नाही हे सगळ्या मुलखात तिला एकटीला ठाऊक होतं. पण रात्र पडली की तिलाही वाटायचं, बाहेर काहीतरी हुंगतंय. रविवारी आता कुणीच रान ओलांडेना. ज्या सलोमीसाठी हे केलं, ती आठवड्यातून एकदा दिसायची तीही दिसेनाशी झाली.

थंडीचे दिवस आले. एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातलं झाड दिसेना. मचाणावरच्या गड्यांना झाडीत काहीतरी हलताना दिसलं. एकजण ओरडला, "आली!" आणि दुसऱ्याने भाला फेकला.

किंकाळी ऐकू आली, ती माणसाची होती.

लोक धावले. तबीथाही धावली. वाटेवर एलीशा पडला होता. भाला गुडघ्याच्या वर मांडीत घुसला होता, रक्ताने धोतर भिजलं होतं. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सुईण... सलोमी अडलीय... सुईणीला पाठवा."

सुईण अलीकडच्या गावात राहायची. तिचं नाव तानू. दोन्ही गावांतली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. तिने एलीशाकडे पाहिलं, रानाकडे पाहिलं आणि ती मागे सरकली.

"मी नाही जायची. वाघीण आत, आणि भाले बाहेर. मला म्हातारीला दोन्हीकडून मरण."

"कुणी बरोबर जाईल का?" पाटलाने विचारलं. कुणी पुढे झालं नाही. भाला फेकणारा गडी खाली बसून रडत होता.

तबीथाला कळून चुकलं. आता बोललं तर सगळं गाव थुंकेल. नाही बोललं तर पलीकडे सलोमी मरेल. ती पुढे आली.

"वाघीण नाही," ती म्हणाली. "नव्हतीच. ठसे मी पाहिले नाहीत. मी खोटं बोलले."

मग पाटलाचा पुतण्या म्हणाला, "तुला भ्रम झालाय बाई. मी या कानांनी डरकाळी ऐकलीय."

"माझ्या सुनेनं डोळे बघितलेत," म्हातारी म्हणाली.

"आणि माझं वासरू काय उडून गेलं?" पाटील म्हणाला.

तबीथाच्या अंगावर काटा आला. तिने जन्माला घातलेलं खोटं आता तिचं ऐकत नव्हतं. खरं सांगूनही कुणाला खरं वाटत नव्हतं.

"तानूमावशी," तिने हात जोडले, "मी पुढे चालते. मला काही झालं नाही, तर तुम्ही मागून या. मला काही झालं, तर माघारी फिरा."

तानूने पदर खोचला. "चल," ती म्हणाली. "पण मी लांबून येईन. हाक मारत राहा."

तबीथा रानात शिरली. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. ओल्या पानांवरून पाणी टपकत होतं आणि प्रत्येक थेंब पावलासारखा वाजत होता. ती चालायची, थांबायची आणि ओरडायची, "या!" मागून तानूचा बारीक आवाज यायचा, "आले!" मग पुन्हा सगळं शांत.

वाघीण नाही, ती स्वतःला सांगत होती. मीच ती बनवली. पण लगेच दुसरा विचार आला आणि तिचं काळीज थांबल्यासारखं झालं. कशावरून नाही? मी पाहिली नाही, म्हणून ती नाही, असं कुठे आहे? वासरू तर खरंच गेलं. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा म्हणून देवाने ती खरीच पाठवली असेल तर?

ओढ्यापाशी बांबूची बेटं आली. तिथे ती थांबली. आत काहीतरी होतं. ते हलत होतं, जड श्वास घेत होतं. बांबू कडकडले.

तबीथाला पळता येईना. तिने स्तोत्र आठवून पाहिलं, एक शब्द आठवला नाही. ती तिथेच गुडघ्यांवर बसली. "प्रभू," ती म्हणाली, "मला वाचव म्हणायला मला तोंड नाही. तिला वाचव. ती मला विसरली तरी चालेल. ती जगू दे."

बांबू दुभंगले आणि पाटलाचं वासरू बाहेर आलं. बरगड्या दिसत होत्या, कानाला काटे लागले होते. ते तबीथाच्या खांद्याला नाक घासू लागलं.

मागून तानू आली. तिने वासराकडे पाहिलं, मग तबीथाकडे. "वाघीण असती, तर हे उरलं असतं का?" ती म्हणाली. तिचा आवाज रागाने थरथरत होता. "म्हणजे तू म्हणालीस तेच खरं. ऊठ. तुझं काय करायचं ते गाव बघेल. आधी ती पोर बघू."

आणि म्हातारी पळत सुटली.

सलोमी काळीनिळी पडली होती. मूल आडवं होतं. दुपार झाली, ऊन कललं, तानूचे हात थांबले नाहीत. तबीथा दाराबाहेर पाणी तापवत बसली होती. आतली प्रत्येक किंकाळी तिच्या अंगातून जात होती. एकदा आतून बराच वेळ काहीच आवाज आला नाही, तेव्हा तिला वाटलं, संपलं. मग एक अगदी बारीक रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. आई आणि लेक दोघी वाचल्या. एलीशाला डोलीत घालून आणलं, तोही वाचला.

सलोमी उठून बसू लागली, तेव्हा तबीथा तिच्यापुढे गेली आणि सगळं सांगितलं. एक शब्दही लपवला नाही.

सलोमीने तोंड भिंतीकडे वळवलं. "ताई," ती म्हणाली, "नुसतं म्हणायचंस ना, सलोमी, मला एकटं वाटतं. मी आले असते."

"दर रविवारी आली असतीस?"

सलोमीने विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती. "दर रविवारी नाही. घर आहे, शेत आहे. पण आले असते गं."

"तेवढंही विचारायची भीती वाटली मला."

"वाघिणीपेक्षा?"

"हो," तबीथा म्हणाली. "वाघिणीपेक्षा."

रविवारी तिने मंदिरात सगळ्यांसमोर उभं राहून कबुली दिली. काहींनी तोंड फिरवलं. पाळक शांतवन तिच्याजवळ येऊन बसले. "बाई," ते म्हणाले, "कुणाची सोबत देव जन्मभराची देतो, कुणाची एका रानापुरती. रान संपलं म्हणून सोबत खोटी ठरत नाही. तुझ्या सोबतीसाठी तू एकदाही 'देवा, आभारी आहे' म्हणाली नाहीस. फक्त 'नेऊ नको' म्हणत राहिलीस."

तबीथाच्या डोळ्यांतून पाणी आलं. या वेळी ते बोलणं आत पोहोचलं.

एलीशाची जखम भरली, पण पाय वाकेना. नांगर धरणं त्याला जमेना. ते वर्षभर तबीथा रोज रान ओलांडून त्यांच्या शेतात राबली. सलोमीने तिला ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. पुढे एका दुपारी ती बांधावर आली आणि काही न बोलता तिने मुलीला तबीथाच्या मांडीवर ठेवलं. तबीथाला क्षमा मिळाली होती. पण जुने दिवस परत आले नाहीत. क्षमा आणि जुने दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लंगड्या पायाने शेती किती दिवस होणार? राजाच्या शहरात मागावर बसून विणण्याचं काम मिळतं, असं एलीशाला कळलं. त्यांनी जमीन सोडली, गाडी भरली. ज्या मैत्रिणीला जवळ ठेवण्यासाठी तबीथा खोटं बोलली, ती त्या खोट्यापायीच मुलूख सोडून चालली होती. हे तबीथाला कळत होतं, आणि कुणी ते तिला ऐकवलं नाही तरी ती ते स्वतःला ऐकवत होती.

निरोपाच्या वेळी सलोमी म्हणाली, "ताई, तिथून येणं व्हायचं नाही आता."

"ठाऊक आहे."

"तू मला विसरशील?"

"मी रोज प्रार्थनेत तुझं नाव घेईन. तुझं, एलीशाचं, लेकीचं. तुला माझी आठवण झाली तर घे माझं नाव. नाही झाली, तर तुझ्यावर त्याचं ओझं नको." मग ती थांबली आणि इतक्या वर्षांत न बोललेलं बोलली. "तू माझ्याबरोबर चाललीस, सलोमी. देवाने फार दिलं मला."

गाडी वळणाआड गेली. तबीथा पुष्कळ वेळ रडली. मग तिने डोळे पुसले, त्या तिघांना देवाच्या हाती सोपवलं आणि ती घरी निघाली. मन जड होतं, पण ते धस्स होणं त्या दिवसापासून थांबलं ते कायमचं.

म्हणून शहाणी माणसं सांगतात: देवाने दिलेल्या सोबतीचे आभार मानावेत, ती विरू लागली तर मनातलं खरं सांगावं, पण भीतीच्या दोराने तिला कधी बांधू नये.